झब्ब्याचं झबलं

झबलं हा शब्द लेकीच्या घरात काढायचा नाही, हे मला विमानतळावरच सांगण्यात आलं. जावई घ्यायला आले होते. माझी बॅग ढकलत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आई, एक सांगायचं होतं. घरी बाळाच्या कपड्यांचा विषय नका काढू. काही आणलं असेल तर माझ्याकडे द्या, मी ऑफिसात ठेवतो."

मी म्हटलं, "अहो, मी काय काल जन्मले? बाळ व्हायच्या आधी कपडे शिवत नाहीत आपल्यात, एवढं मला कळतं. मी शिवलेलं काही आणलेलंच नाही. नुसतं कापड आहे. न फाडलेलं."

"कापडही नको," ते म्हणाले. "आणि शब्दसुद्धा नको. झबलं, टोपडं, दुपटं, काहीच नको. रडायला लागते ती. मग दिवसभर जेवत नाही."

आता हे सांगणारा माणूस बँकेची सॉफ्टवेअरं लिहिणारा. मुलगीही तेच करणारी. आणि मी तीस वर्षं पुण्यातल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली म्हातारी. खरं तर सोवळंओवळं, शकुन-अपशकुन मी सांगायचे आणि त्यांनी मला हसायचं, अशी रीत. इथे सगळं उलटंच होतं. पण मला हसू आलं नाही, कारण त्यामागचं मला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी ही दोघं हार्लेमला राहायची. तेव्हा तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. इथल्या मैत्रिणींनी सांगितलं, या देशात सगळं आधी तयार ठेवावं लागतं. हिचा स्वभाव मुळात टापटिपीचा. पाचव्या महिन्यापासून तिने एक अख्खा ड्रॉवर भरून कपडे घेतले, धुतले, इस्त्री केली, घड्या घालून रचले. मला फोनवर एकेक वर्णन करून सांगायची. मी म्हणायची, "अगं, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं करू नये." ती खिदळायची. सातव्या महिन्यात पोटातच बाळाचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि कारण सापडत नाही म्हणून सांगितलं. माणसाला कारण लागतंच हो. डॉक्टर देत नाहीत तेव्हा आपण आपलं शोधतो. माझ्या लेकीला ते त्या ड्रॉवरमध्ये सापडलं.

तेव्हा मला येता आलं नाही. आमचे हे पुण्यात अंथरुणाला खिळलेले होते, आणि त्याच वर्षी ते गेले. तिने तो ड्रॉवर एकटीने रिकामा केला. नंतर त्यांनी हार्लेमचं घरच सोडलं आणि रॉटरडॅमजवळ, कापेल आन डेन आयसेलला भाड्याने घर घेतलं. आता पुन्हा दिवस राहिले होते आणि आठवा महिना संपत आला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही तर पाणीसुद्धा फुंकून पीत होती.

मी आणलेलं कापड म्हणजे एक जुनं धोतर. आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंचे सासरे नव्वदी ओलांडून ठणठणीत आहेत, त्यांचं. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनं, धुवून धुवून मऊ झालेलं लावतात, आणि ते शक्यतो पिकल्या, सुखी माणसाचं असावं. त्याचं आयुष्य बाळाला लागतं म्हणतात. मी मुद्दाम मागून आणलं होतं. जावयांनी ते पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच ऑफिसात नेऊन ठेवलं. म्हटलं, नेऊ देत. बाळ काय, रुग्णालयात जन्मणार, मग घरी येणार. तोवर आणता येईल.

बॅगेत आणखी एक कापड होतं, पण ते बाळासाठी नव्हतं. ते माझं होतं. ह्यांचा पांढऱ्या मलमलीचा झब्बा.

हे घरी सदैव झब्ब्यात असत. गेल्यावर त्यांचे बाकीचे कपडे देऊन टाकले, हा एक राहिला. राहिला म्हणजे मी ठेवला. झोपताना अंगात घालायची मी तो, साडी सोडून. लोकांना सांगण्यासारखी गोष्ट नाही ही, पण आता या वयात कुणाला लाजायचं. परक्या देशात तो बरोबर हवा असं वाटलं आणि मी घातला बॅगेत. इथे आल्यावर एक दिवसाआड धुवायची आणि लेकीच्या खोलीतल्या रेडिएटरवर वाळत टाकायची. घरात सगळ्यात ऊबदार तोच कोपरा. बाकी त्या घरात थंडी नुसती भिंतीतून पाझरायची. मी साडीवर स्वेटर, पायात लोकरीचे मोजे आणि तरीही दात वाजतायत, अशी हिंडायची. जिना तर असा उभा की उतरताना मी देवाचं नाव घ्यायची.

दोनचार दिवसांनी तो झब्बा रेडिएटरवर टाकता टाकता माझ्या एकदम ध्यानात आलं. मी काय करतेय हे? गेलेल्या माणसाचं वस्त्र पोटुशीच्या खोलीत! आमच्याकडे मेलेल्याचं कापड बाळंतिणीच्या वाऱ्यालाही उभं करत नाहीत. मी चटकन उचलायला गेले. लेक पलंगावर उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "राहू दे गं. बाबांचा वास येतो."

वास साबणाचा येत होता. पण मी हात मागे घेतला. झब्बा तिथेच राहिला.

तिला झबल्याचा शब्द चालत नव्हता आणि बाबांचा झब्बा चालत होता, याची मला मौज वाटायची आणि भीतीही. कारण हे दोन शब्द एकाच घरातले. ही ह्यांची शिकवण. हे जुनी मोडी आणि फारसी कागदपत्रं वाचायचे, नोकरीच ती होती. शब्द कुठून आला हे सांगायला लागले की आमटी गार होईस्तोवर थांबायचे नाहीत. आमची लेक झाली तेव्हा माझ्या आईने पाचवीच्या आधी ह्यांचाच एक विटलेला झब्बा फाडून तिला पहिलं झबलं शिवलं. गुंड्या नाहीत, काजं नाहीत, पाठीवर नुसते दोन बंद. हे ते बोटावर टांगून बघत बसले. म्हणाले, "बघ, माझा झब्बा आटला. पण शब्द बरोबर आहे हं. अरबांचा जुब्बा. लांब, पायघोळ, मौलवी-पंडितांचा अंगरखा. तो फारसीतून आपल्याकडे आला नि झब्बा झाला. मराठी बाईने त्याला पोराच्या अंगाएवढा केला नि म्हणाली झबलं." मी विचारलं, "कोशात आहे का असं?" तर म्हणाले, "कोशवाल्यांना काय, ते भांडत बसतील. तू कापडाला विचार." मग आणखी सांगितलं होतं, की तोच जुब्बा अरबांबरोबर स्पेनकडे गेला, फ्रान्समध्ये शिरला आणि तिथे बायकांचा घागरा झाला. मौलवीचा अंगरखा तिकडे बाईच्या कमरेला आणि आपल्याकडे तान्ह्याच्या अंगात! केवढे हसलो होतो आम्ही. ती तान्ही मांडीवर होती, तिचं नाकही एवढंसं.

तीच आता पलंगावर पोटावर हात ठेवून बसायची. बाळ हललं की माझ्याकडे बघून मान हलवायची, आणि हललं नाही की माझ्याकडे बघायचीच नाही. मीही स्वयंपाकघरात उभी राहून कानोसा घ्यायची. तिची मान हलल्याचा काय आवाज येणार आहे? तरी घ्यायची. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आम्हा दोघींचं चाललं होतं, आणि दोघीही एकमेकींना "जेवलीस का" एवढंच विचारत होतो.

एके दिवशी क्राम्झोर्खच्या बाई आल्या. क्राम्झोर्ख म्हणजे बाळंतिणीच्या घरी येऊन आठवडाभर सगळं बघणारी बाई. अर्धी नर्स, अर्धी मोलकरीण आणि उरलेली सासू. इथे प्रत्येकीला ती मिळते. बाळ होण्याआधी ती एकदा घर तपासून जाते. या बाई चांगल्या पुरुषभर उंच, पन्नाशीच्या. आल्या त्या थेट पलंगाशी गेल्या आणि वाकून त्याची उंची मोजली. पलंग कमी उंचीचा भरला. म्हणाल्या, खाली ठोकळे लावा, नाहीतर माझी कंबर जाईल. मला ती बाई आवडली. मग त्यांनी हात चोळले आणि इंग्रजीत विचारलं, "बाळाचे कपडे कुठे आहेत?"

लेक म्हणाली, "नाहीत."

"अजून घ्यायचेत का? फार दिवस राहिले नाहीत."

"नाहीत आणि घेणारही नाही. माझं बाळंतपण रुग्णालयात आहे. बाळ हातात आलं की माझा नवरा दुकानात जाईल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण मी सांगितलं, की आमच्यात बाळ जन्मायच्या आधी कपडे करत नाहीत, जुनी रीत आहे. बाईंनी नीट ऐकून घेतलं. त्या चिडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. नुसतं म्हणाल्या, "पण मग बाळाला थंडी वाजेल."

एवढं साधं वाक्य. पण माझ्या काळजात ते रुतून बसलं. रीती, शकुन, दृष्ट, नजर, कशाकशाचा विचार केला होता आम्ही. त्या पोराला थंडी वाजेल हा विचार दोघींपैकी एकीलाही शिवला नव्हता.

लेकीचे डोळे भरून आले होते. विषय बदलायचा म्हणून मी रेडिएटरकडे बोट दाखवून झब्ब्याचं पुराण लावलं. अरबांचा जुब्बा, मग फ्रान्स, मग घागरा. बाई खूश होऊन म्हणाल्या, "माझी आजी आतल्या परकराला ज्युपॉन म्हणायची!" मी टाळीच दिली त्यांना. ह्यांना केवढा आनंद झाला असता. त्या तारेत मी पुढे म्हणाले, "आणि आमच्याकडे त्या जुब्ब्याचं धाकटं भावंड आहे, त्याला म्हणतात..." आणि लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी शब्द गिळला. बाईंना म्हटलं, "चहा घेता ना?"

त्या गेल्यावर मी लेकीला म्हटलं, "शब्दाने काय होतंय गं? तो बिचारा कुठून कुठून चालत आलेला. त्याने कुणाचं काय वाईट केलंय?"

"मागच्या वेळी मी रोज म्हणायचे तो," ती म्हणाली. "इस्त्री करताना. एकेकाला हातात घेऊन. हे झबलं, हे टोपडं. आई, मी त्याच्याशी बोलायचे गं. त्याला सांगायचे कुठला रंग आहे ते." मग म्हणाली, "हे बाळ रडलेलं मी ऐकेन, मग म्हणेन. तोपर्यंत मला नको सांगूस काही."

मी तिच्या पायावर पांघरूण ओढलं आणि खाली जाऊन पोळ्या करत बसले. नको तेवढ्या केल्या.

तीन आठवडे बाकी असताना ते झालं. सकाळची वेळ, जावई ऑफिसला गेलेले, बाहेर वारा असा की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी खाली भाजी चिरत होते. वरून हाक आली, "आई!" मुलं आईला शंभर तऱ्हांनी हाक मारतात. ही त्यांतली नव्हती. तो उभा जिना मी कशी चढले मला माहीत नाही.

तिचं पाणी गेलं होतं. पलंगाचा काठ धरून ती उभी होती. मी फोन हातात घेतला. नंबर फोनवरच चिकटवून ठेवले होते. जावयांना लावला. ते म्हणाले, "मी सगळ्यांना फोन करतो, निघालोच." मग फोन ठेवला आणि आम्ही दोघीच राहिलो. मी तिची पाठ चोळत होते. "येतील हं आत्ता, येतील," म्हणत होते. तिला वाटत असेल आई धीर देतेय. मी स्वतःलाच सांगत होते. लहानपणापासून ऐकलेली सगळी स्तोत्रं त्या क्षणी विसरले, एक ओळ आठवेना.

रुग्णवाहिकेच्या आधी सुईण आली. जवळच राहणारी, सायकलवरून आलेली, तरुण, ओल्या केसांची. इथे सुईणी शिकलेल्या असतात, डॉक्टरणीच म्हणायच्या. तिने लेकीला पाहिलं मात्र, अंगातलं जाकीट जमिनीवर टाकलं आणि म्हणाली, "रुग्णालय आता नाही. इथेच."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. घरातले होते नव्हते तेवढे टॉवेल मी आणले. लेकीने माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतली होती. ती ओरडली नाही. मी घाबरले ती त्यालाच. आणि मग बाळ आलं. सुईणीच्या दोन हातांत, ओलं, जांभळट, गप्प.

गप्प. मी तेवढंच बघत होते. ओठ हलतायत का. सुईण टॉवेलने त्याचं अंग पुसत होती, पाठ चोळत होती, तळव्यांवर टिचक्या मारत होती. एक टॉवेल भिजला, दुसरा भिजला. बाकीचे लेकीखाली घातलेले, तेही भिजलेले. ती मान वर न करता म्हणाली, "कपडे. टोपी. काहीतरी कोरडं, गरम." तिने एका हाताने कपाट उघडलं. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून, आतलं सगळं गार. हिचे कोट, जीन्स. तान्ह्याच्या अंगाला लावावं असं काही नाही. कसं असेल? आम्हीच येऊ दिलं नव्हतं.

"गरम!" ती पुन्हा म्हणाली. आता तिच्या आवाजातही काहीतरी होतं.

रेडिएटर माझ्या पाठीशी होता. त्यावर झब्बा होता. सकाळीच टाकलेला, वाळून कडकडीत झालेला, चटका लागेल इतका गरम. मला वळायची गरजही नव्हती, हात मागे केला की लागला असता. आणि माझा हात उठेना. गेलेल्या माणसाचं वस्त्र. पहिलंच. त्यासाठी मी नव्वदीच्या माणसाचं धोतर मागून आणलं, ते तिकडे ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, आणि इथे हे. हे गेले आणि त्यांच्या मागोमाग... मला पुढचा विचारही करवेना. तीस वर्षं पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावले होते मी!

"आई," पलंगावरून लेक म्हणाली. "बाबांचा दे."

मी दिला.

सुईणीने तो दोन्ही हातांनी झेलला आणि बाळाला त्यात घोळून घेतलं. मग नाळेची कात्री उचलून एक बाही खांद्यापासून सर्रकन कापली, तिच्या एका टोकाला गाठ मारली, वरचा जास्तीचा भाग छाटला आणि ती बाही बाळाच्या डोक्यावर टोपडं म्हणून चढवली. हे सगळं पापणी लवते न लवते तोच. त्या बाहीत ह्यांचा हात असायचा. मला वाटलं माझ्याच अंगातून काहीतरी कापलं जातंय. पण मी डोळे मिटले नाहीत. त्या पांढऱ्या कापडातून दिसणाऱ्या एवढ्याशा तोंडाकडे बघत राहिले. किती वेळ गेला देव जाणे. मग आतून एक बारीक आवाज आला. रडणं नव्हे ते. कुणीतरी झोपेत कण्हावं तसं.

तेवढ्यात माणसं जिना चढून आली. लेकीला खुर्चीत बांधून उतरवलं, बाळ तिच्या छातीशी. सुईण त्याच्या नाकाशी काहीतरी धरून चालत होती आणि डचमध्ये भराभर बोलत होती. मी विचारलं, "बरं आहे का? बरं आहे का बाळ?" ती म्हणाली, "लहान आहे. श्वासाला त्रास आहे. आता निघायला हवं." गाडीत मला जागा नव्हती. जावई थेट रुग्णालयातच पोचणार होते. दार लागलं आणि ती गाडी बोंबलत गेली. मुलगा झाला की मुलगी, हेसुद्धा मी पाहिलं नव्हतं.

मी वर आले. पलंग तसाच होता, ठोकळ्यांवर उंच. मी चादरी काढल्या, फरशी पुसली. हात चालू ठेवले. जमिनीवर बाहीचा छाटलेला तुकडा पडला होता, तळहाताएवढा. तो उचलला आणि रेडिएटरला टेकून खाली बसले. मग मात्र भीतीने माझा ताबाच घेतला. मी रडले नाही, मला रडूच येईना. तो आवाज आठवत होते. झोपेत कण्हल्यासारखा. हार्लेमला तोही नव्हता म्हणे. आता हा होता. पण पुढे?

मी ह्यांच्याशी बोलले. मोठ्याने बोलले. घरात कुणी नव्हतं. म्हटलं, "हे बघा, तुमचा झब्बा दिलाय मी. माझा इलाज नव्हता. तुम्ही त्याला हात लावायचा नाही. नुसतं पांघरूण घालायचं आणि बाजूला व्हायचं. एकुलत्या एका लेकीचं आहे. जन्मभर तुम्ही माझं ऐकलं नाहीत, एवढं एक ऐका." मग वाटलं, आपण ओरडलो की काय त्यांच्यावर. म्हटलं, "रागावू नका. मी फार घाबरलेय हो."

मग फोन मांडीवर घेऊन खिडकीशी खुर्चीत बसून राहिले. भाजी खाली अर्धी चिरलेली तशीच. बाहेर शाळा सुटली, पोरं सायकलींवरून कलकलत गेली. समोरच्या घरातल्या आजीने पडदा नसलेल्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं आणि माझ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. दोनदा वाटलं फोन वाजला, वाजला नव्हता. आणि खरंच वाजला तेव्हा मला तो उचलायचाच नव्हता. जोवर उचलत नाही तोवर काही झालेलं नसतं.

उचलला.

पलीकडून कुणी बोलेना. श्वास ऐकू येत होता. लेकीचाच, आईला कळतो. मी म्हटलं, "बोल गं." तरी ती बोलेना. माझ्या डोळ्यांपुढे तो रिकामा केलेला ड्रॉवर आला, जो मी कधी पाहिलासुद्धा नव्हता.

"आई," ती म्हणाली. "झबलं शिवायला घे."

मला वाटतं मी काहीतरी बरळले. काय ते आठवत नाही.

"मुलगी आहे," ती म्हणाली. "ओरडतेय बघ किती. काचेच्या पेटीत ठेवणारेत दोन दिवस, पण ओरडतेय. ऐकू येतंय का तुला? इथले कपडे हिला मोठे होतात गं सगळे. झबलं शिव. बंदांचं. माझं होतं ना, तसं."

ऐकू येत होतं. चांगला आजोबांसारखा खणखणीत आवाज होता. मी फोन ठेवला, खाली गेले, हात धुतले. शिवणाच्या डब्यात सुई होती, दोरा होता, कात्री होती. कापड नव्हतं. नव्वदीचं धोतर ऑफिसात, झब्बा रुग्णालयात. घरात जुनं, मऊ, सुती असं एकच वस्त्र उरलं होतं, आणि ते माझ्या अंगावर होतं. मी काही नव्वदीची नाही, सुखी म्हणावी अशीही तेव्हा नव्हते. पण जिवंत होते. मी पदर पुढे घेतला, टेबलावर नीट पसरला आणि त्याला कात्री लावली.